नव्या इमारतीत बाईचं नाव कुठं?

(उपनगरांतल्या महिला मंडळांच्या एकदिवसीय शिबिरात, घाटकोपर इथं केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत कुठल्याही स्टेशनवर उतरून दहा मिनिटं चाललं, की पत्रे ठोकलेली एक तरी जागा लागते. आत जुनी इमारत पाडणं चालू असतं आणि बाहेर पत्र्यांवर नव्या टॉवरचं रंगीत चित्र असतं. त्या चित्रात बहुतेक वेळा एक बाई असते. बाल्कनीत उभी, हसरी, शेजारी दोन मुलं. करारनाम्यात मात्र ती बहुतेक वेळा नसते. आज मला या करारनाम्याबद्दल बोलायचं आहे.

शिबिराचा विषय 'घर आणि वारसा' असा ठेवला आहे. आपल्या भाषेत 'वारसा' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक सरकारी यादीतला वारसा. लेणी, देवळं, जुनी चर्चं, टेकड्या. मुंबईसाठी १९९५ साली वारसा जपण्याची नियमावली आली. आपल्या उपनगरांतही असा वारसा आहे. अंधेरीला महाकालीची लेणी आहेत, बोरिवलीला मंडपेश्वरची आहेत. अंधेरीतच गिल्बर्ट हिल आहे, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा सुळका. हे सगळं जपलं पाहिजे, याबद्दल वाद नाही. दुसरा वारसा घरातला. आजोबांची खोली बापाला आणि बापाची मुलाला. या वारशाचा निर्णय बंद दाराआड होतो, आणि दार बंद करणाऱ्यांमध्ये आपल्या आयाबहिणीही असतात. पहिल्या वारशासाठी निदान एक समिती आहे. दुसऱ्यात आपण कुठं आहोत, हे आपण आपणहून विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

ही उपनगरं कुणी वसवली?

अंधेरी-घाटकोपर हा भाग १९५० साली मुंबई महापालिकेत आला, बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली आले. त्याच्या आधीपासून इथं गावं होतीच. मरोळ, कोंडिविटे, गुंदवली, आंबोली ही गावठाणं, त्यांतले ईस्ट इंडियन, कोळी, आगरी, भंडारी लोक. मग गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती आल्या, घाटकोपरचं पंतनगर, अंधेरीचं डी. एन. नगर. पागडीच्या चाळी होत्याच. गिरगाव-दादरची जागा अपुरी पडली तशी मध्यमवर्गीय कुटुंबं बोरिवली-मुलुंडकडं सरकली, त्यांच्या सहकारी सोसायट्या झाल्या. आणि ज्यांना यातलं काहीच परवडलं नाही, त्यांनी टेकडीच्या उतारावर, नाल्याच्या काठावर, हायवेच्या कडेला झोपड्या उभ्या केल्या.

ही घरं उभी राहिली तेव्हा त्यांत बाईचं काय काय गेलं, याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही. खोलीची पागडी किंवा फ्लॅटचा पहिला हप्ता भरायला बांगड्या मोडल्या, त्या कुणाच्या? भिशीचा नंबर लागला तेव्हा ते पैसे फरशीला गेले, ती भिशी कुणाची होती? पहाटे उठून नळावर रांग कुणी लावली? अंधेरी आणि बोरिवलीच्या मधल्या गोरेगावात पाण्याचा प्रश्न घेऊन मृणालताई गोरे उभ्या राहिल्या आणि लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. त्यांच्यामागं हंडे घेऊन चालणाऱ्या हजारो बायका होत्या. पुढं नागरी निवारा परिषदेच्या लढ्यातून गोरेगावात दिंडोशीजवळ हजारो कुटुंबांना घरं मिळाली. वस्तीला वस्ती म्हणून उभं करण्याचं काम बायकांनी केलं, हे कुणी नाकारत नाही. भाषणात तर सगळेच कबूल करतात. कागदावर कबूल करायची वेळ आली की गप्प होतात.

आता सगळी उपनगरं का खणली जात आहेत?

याचं एक कारण इमारती जुन्या झाल्या, हे खरंच आहे. साठ-सत्तरच्या दशकातल्या इमारतींचे स्लॅब गळतात, सळया बाहेर येतात, पावसाळ्यात जीव मुठीत धरून राहावं लागतं. पण इमारत जुनी झाली म्हणून कुणी बिल्डर धावत येत नाही. तो येतो ते जादा बांधकामासाठी. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत टीडीआर आला, म्हणजे एका जागी गमावलेला बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागी वापरण्याची सोय. हा हक्क बराचसा उपनगरांत उतरला. त्यामुळं तीन-चार मजली इमारतीच्या जागी दुप्पट बांधकाम बसू लागलं. २०१८ साली नवी नियमावली लागू झाली, तिनं सोसायट्यांच्या पुनर्विकासाला आणखी सवलती दिल्या. जुन्या सदस्यांना थोडी मोठी घरं द्यायची, वरचे मजले बाजारभावानं विकायचे, असा हा सगळा हिशेब आहे. यात आपलं घर ही आपल्याला राहायची जागा असते आणि बाजाराला ती विकायची जमीन दिसते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि म्हणून कागद समजून घेणं भाग आहे.

मला जो एक मुद्दा आज तुमच्यापुढं ठेवायचा आहे, तो असा. पुनर्विकासात इमारत नव्यानं बांधली जाते तेव्हा तिचे कागदही नव्यानं लिहिले जातात. सदस्यांची यादी तपासली जाते, वारसांच्या भानगडी मिटवल्या जातात, प्रत्येक घराचा स्वतंत्र करार होतो, त्याची नोंदणी होते. चाळीस-पन्नास वर्षांत एकदा ही वेळ येते. या वेळी बाईचं नाव लागलं तर लागलं. नाही लागलं तर पुढच्या पन्नास वर्षांसाठी तिचं नसणं पक्कं होतं.

सभेला कोण बसतं?

पुनर्विकासाचा निर्णय सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत होतो. २०१९ च्या शासन निर्णयानं त्यासाठी एकूण सदस्यांपैकी ५१ टक्क्यांच्या संमतीची अट घातली आणि सभेचं चित्रीकरणही करायला सांगितलं. पण सदस्य म्हणजे कोण? ज्याचं नाव शेअर सर्टिफिकेटवर आहे तो. दोन नावं असतील तर मताचा पहिला अधिकार पहिल्या नावाचा. दुसरं नाव असलेली व्यक्ती तो गैरहजर असेल तर मत देणार. आणि आपल्याकडं दुसरं नाव कुणाचं असतं, हे मी सांगायला नको.

मग सभेत काय होतं? घराचे चौरस फूट किती वाढणार, कॉर्पस किती मिळणार, पार्किंग कुठं, एवढ्यावर तीन-तीन तास चर्चा चालते. ओटा कुठल्या बाजूला असावा, कपडे वाळत घालायला जागा आहे का, म्हाताऱ्या माणसाला संडासात धरायला काही आहे का, दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात राहायचं तर मुलांची शाळा कशी जमवायची, हे कुणी विचारत नाही. ज्यांना हे प्रश्न पडतात त्या घरी असतात, नाहीतर सभेला चहा देत असतात. सोसायटीच्या समितीत बायकांसाठी राखीव जागा आहेत. पण त्या जागेवर बसायला आधी सदस्य असावं लागतं. नाव नसलेल्या बाईला राखीव जागेचा काय उपयोग?

नाव लावण्यातही फसगत असते, म्हणून ही गोष्ट नीट लक्षात घ्या. सहकारी संस्थांच्या कायद्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं. त्यात सहयोगी सदस्य आणि संयुक्त सदस्य असा स्पष्ट फरक केला आहे. सहयोगी सदस्य म्हणजे मूळ सदस्याच्या शिफारशीनं घेतलेला नातेवाईक. तो मूळ सदस्याच्या लेखी संमतीनं सभेला बसेल, मतही देईल, पण घरात त्याचा मालकीहिस्सा नाही. संयुक्त सदस्याला मात्र घरात हक्क आणि हितसंबंध असतो. पुष्कळ घरांत नवरा सांगतो, "तुझं नाव लावलंय की सोसायटीत." तो खोटं बोलत नसतो. त्यानं सहयोगी सदस्य म्हणून एक फॉर्म भरलेला असतो आणि त्यालाही फरक ठाऊक नसतो. तेव्हा विचारायचं ते असं: नाव कुठल्या नात्यानं लावलं, आणि त्यामागं नोंदलेला दस्त आहे का? बक्षीसपत्र किंवा खरेदीखत नोंदलेलं असेल तर हिस्सा. नसेल तर नुसता मान.

झोपडीतली बाई आणि फ्लॅटमधली बाई

इथं एक गंमत आहे. झोपडपट्टी पुनर्वसन योजना १९९५ साली सुरू झाली. त्या योजनेच्या नियमांत असं आहे, की प्रत्येक झोपडीबद्दलचा करार प्रमुख झोपडीधारक आणि त्याचा जोडीदार या दोघांच्या संयुक्त नावानं करायचा. म्हणजे उतारावरच्या पत्र्याच्या घरातली बाई, जिच्याकडं आपण दया म्हणून बघतो, तिच्यासाठी नियमात जागा आहे. आणि रस्त्यापलीकडच्या सोसायटीतली पदवीधर बाई, जिनं नोकरी करून निम्मे हप्ते फेडले, तिच्यासाठी असा कुठलाही सक्तीचा नियम नाही. तिनं नवऱ्याच्या मर्जीवर राहायचं. कायद्यानं गरिबाच्या घरात बाई बघितली आणि मध्यमवर्गाच्या घरात फक्त मालक बघितला.

अर्थात नियम असला म्हणजे सगळं झालं, असं नाही. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात आता एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून फार मोठा प्रकल्प राबवत आहेत. अशा प्रकल्पात पहिली लढाई पात्रतेची असते. २००० सालच्या १ जानेवारीपूर्वीपासून तुम्ही इथं राहता, याचा पुरावा द्या, तर घर मोफत. त्यानंतर २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून. आता पुरावा म्हणजे मतदार यादी, वीजबिल, जुनी पावती. बाईचं लग्नाआधी एक नाव, लग्नानंतर दुसरं. रेशनकार्डावर तिसरंच स्पेलिंग. नवऱ्यानं टाकलेली असेल तर घर त्याच्या नावावर, आणि तो दुसरीला घेऊन दुसरीकडं. 'जोडीदार' म्हणून मग कुणाचं नाव जाणार? आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बायकांच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा असतो आणि त्यांतला एकही कागद दुसऱ्याशी जुळत नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव लावणं सक्तीचं झालं. चांगलं झालं. पण आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या बाईला स्वतःचंच नाव सिद्ध करावं लागतं आहे.

लेकीचा हिस्सा

आता माहेरच्या घराकडं वळू. चाळीतली खोली किंवा जुना फ्लॅट पुनर्विकासाला निघाला की वर्षानुवर्षं न आलेला भावाचा फोन येतो. "ताई, एक सही लागणार आहे. बिल्डर मागतोय." ती सही हक्कसोडपत्रावरची असते.

इथं पहिली गोष्ट. आपल्याला वाटतं, की मुलीला हक्क अलीकडं मिळाला. वडिलोपार्जित मिळकतीपुरतं ते बरोबर आहे. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना जन्मतः हक्क दिला, पण त्या दुरुस्तीआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. देशभर हा हक्क ९ सप्टेंबर २००५ पासून आला आणि त्यात लग्न झालं की नाही हा भेद राहिला नाही. विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की २००५ साली वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मानं आहे. हे सगळं वडिलोपार्जित मिळकतीबद्दल. पण उपनगरांतली बहुतेक घरं वडिलोपार्जित नाहीतच. ती बापानं स्वतःच्या पगारातून घेतलेली आहेत. आणि स्वकष्टाच्या मिळकतीत, बाप मृत्युपत्र न करता गेला तर बायको, मुलगा, मुलगी आणि हयात असेल तर त्याची आई यांना सारखा हिस्सा, हे १९५६ सालच्या हिंदू वारसा कायद्यातच आहे. हा कायदा बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे. म्हणजे ज्या बहिणीला "आता नवीन कायदा आलाय म्हणून मागतेस का" असं ऐकवलं जातं, तिचा हक्क तिच्या भावाच्या वयापेक्षाही जुना असतो. ज्या हिंदू कोड बिलासाठी डॉ. आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं, त्यातून पुढं निघालेल्या कायद्यांपैकी हा एक.

बाकीच्या भगिनींसाठीही सांगते. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. त्यात मुलगा-मुलगी समान आहेत आणि मुलं असताना विधवेला एक तृतीयांश हिस्सा आहे. गावठाणातल्या ईस्ट इंडियन बहिणींनी हे ध्यानात ठेवावं. मुस्लिम कायद्यात मुलीला मुलाच्या निम्मा आणि मुलं असताना विधवेला एक अष्टमांश. तो सारखा नाही, पण शून्यही नाही. आणि प्रत्यक्षात तिच्या हातात शून्यच पडतं.

दुसरी गोष्ट. बापाला स्वकष्टाचं घर मृत्युपत्रानं कुणालाही देता येतं. आणि पुष्कळ बाप ते मुलालाच देतात. कायदा इथं थांबतो. इथं आपल्याला बापांशीच बोलावं लागेल.

तिसरी गोष्ट हक्कसोडपत्राची. बहिणीनं भावाला हक्क सोडून दिला तर त्यावर मुद्रांक शुल्क अगदी नाममात्र असतं. सोडणं सोपं आणि स्वस्त करून ठेवलं आहे. मागणं मात्र कोर्टात वर्षानुवर्षं चालतं. नोंदलेलं हक्कसोडपत्र परत फिरवणं फार कठीण. म्हणून मी कुठल्याही बहिणीला "सही करू नकोस" असं सांगत नाही. माहेर टिकावं ही तिची ओढ खोटी नाही, आणि सासरी वाईट दिवस आले तर परतायला तेवढं एकच दार असतं. मी एवढंच म्हणते, की सही करण्याआधी दस्त वाचून घे, हिस्सा किती आणि त्याची आजची किंमत किती ते विचार, आणि सोडायचाच असेल तर दान म्हणून जाणून सोड. ओवाळणीच्या ताटात शंभराची नोट घेऊन काही लाखांचा हिस्सा न कळत देऊ नकोस. आणि एक प्रश्न भावाला जरूर विचार: ज्या दारासाठी मी हक्क सोडते आहे, ते दार उद्या माझ्यासाठी उघडं राहील, हे कुठल्या कागदात लिहिलंय?

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

नवरा गेल्यावर सोसायटीत पहिला प्रश्न विचारतात तो नॉमिनी कोण. पुष्कळ ठिकाणी आई असताना थोरल्या मुलाचं नाव असतं. आणि मुलगा, सून, कधी सेक्रेटरीसुद्धा असं समजतात, की घर आता त्याचं. हे चूक आहे. नॉमिनीच्या नावानं सदस्यत्व होतं ते तात्पुरतं, वारस ठरेपर्यंतचं. सोसायटीनं व्यवहार कुणाशी करायचा, एवढाच नामांकनाचा अर्थ. मालकी वारसांची. २०१६ साली इंद्राणी वाही खटल्यातही सर्वोच्च न्यायालयानं नॉमिनीच्या नावानं नोंद करायला सांगताना इतर वारसांचा हक्क मागण्याचा मार्ग मोकळाच ठेवला. तेव्हा विधवा बाईनं नॉमिनी नाही म्हणून गप्प बसायचं कारण नाही. सोसायटीला आणि पुनर्विकास चालू असेल तर बिल्डरलाही लेखी कळवायचं: मी वारस आहे, माझ्या संमतीशिवाय या घराचा करार करू नये. पत्राची पोच घ्यायची.

पागडीच्या खोलीचं थोडं वेगळं आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाडेकरू गेला तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारी कुटुंबातली व्यक्ती भाडेकरू होते. म्हणून भाडेपावती बदलून घेण्यात दिरंगाई नको. "पावती कुणाच्याही नावावर असली तरी काय, राहतो तर आपणच" असं म्हणत दहा वर्षं जातात, मग बिल्डर येतो आणि पावतीवरच्या नावाशी बोलतो.

ज्या घरात भांडण आहे

आता सगळ्यांत नाजूक भाग. ज्या बाईला घरात मार आहे, जिचं प्रकरण कोर्टात आहे किंवा जिला घरातून काढण्याचा प्रयत्न चालू आहे, तिच्यासाठी पुनर्विकास म्हणजे धोका आहे. तिची सगळी ताकद त्या घरात ठाण मांडून राहण्यात असते. आणि अचानक ते घरच पाडलं जातं. भाड्याचा चेक नवऱ्याच्या खात्यात जातो, तो आईबापाला घेऊन कुठं तरी राहायला जातो आणि हिला म्हणतो, "तू माहेरी जा, इमारत झाली की बघू." इमारत होते, पण तिच्यासाठी दार उघडत नाही.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे. त्यात सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, मग घर कुणाच्याही नावावर असो. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून सुनेला हा हक्कच नाही, असं पूर्वी सांगितलं जायचं. १५ ऑक्टोबर २०२० च्या सतीशचंद्र आहुजा निकालानं ते बाजूला सारलं. कायद्यानं न्यायालयाला असाही आदेश देता येतो, की बाईला त्याच दर्जाची दुसरी जागा द्या किंवा जागेचं भाडं द्या. तेव्हा अशा बाईनं इमारत रिकामी होण्याआधी अर्ज करायला हवा. भाड्याच्या रकमेत तिचा वाटा, पर्यायी जागा आणि नवं घर तयार झाल्यावर ताब्याच्या वेळी तिचा राहण्याचा हक्क, या तिन्ही गोष्टी आधीच मागायच्या. घर पडल्यानंतर 'माझं घर' कुठं दाखवणार?

नावाच्या पलीकडं

कुणी म्हणेल, तुम्ही सारखं नावाचंच काय घेऊन बसलात. घर म्हणजे काही नुसता कागद नाही. बरोबर आहे. म्हणूनच सांगते, नावाबरोबर आणखी काय जातं तेही बघा. चाळीच्या गॅलरीत दारं उघडी असायची. एखादीच्या घरातून आवाज आला तर शेजारीण दारात यायची. मूल सांभाळायला, आजाऱ्याजवळ बसायला माणूस मागावं लागत नव्हतं. गावठाणात घरापुढच्या अंगणात मिरच्या वाळायच्या आणि मसाला कुटायला चार घरच्या बायका यायच्या. हा बायकांचा वारसा होता आणि तो कुठल्याही यादीत नाही. त्या गॅलरीत भांडणं होती, चहाड्या होत्या, सून काय नेसली यावर पहारा होता, तेही विसरायला नको. मला जुन्याचं कौतुक सांगायचं नाही. संडासाच्या रांगेतून सुटलेली बाई टॉवरला नावं ठेवत नाही. पण बावीस मजल्यांच्या बंद दारांत मार खाणाऱ्या बाईचा आवाज कुणाला ऐकू जाणार, याचा विचार आपल्या संघटनांना करावा लागेल.

दुसरं, कामाचं. पोळ्या करणारी, शिकवण्या घेणारी, डबे देणारी, चार घरी धुणीभांडी करणारी बाई त्या वस्तीवर जगते. दोन-तीन वर्षांसाठी ती दूर गेली की तिची गिऱ्हाइकं जातात. भाडं मिळतं ते घराचं, बुडालेल्या कामाचं नाही. आणि परत आल्यावर मेंटेनन्स येतो. लिफ्ट, पंप, पहारेकरी, जिम. साध्या पेन्शनवर राहणाऱ्या एकट्या बाईला तो झेपत नाही. मग "विकून टाक आणि विरारला किंवा बदलापूरला मोठं घर घे" असा सल्ला मिळतो. आपल्या नावावर घर असलं तर हा निर्णय निदान आपण घेतो.

"नवऱ्यावर विश्वास नाही का?"

नाव लावा म्हटलं की हा प्रश्न येतो. याला माझं उत्तर साधं आहे. विश्वास आहे म्हणूनच नाव लावायला हरकत नसावी. बँकेत, विम्यात, गाडीच्या कागदात कुणी विश्वासावर काम भागवत नाही. फक्त बायकोच्या बाबतीत कागद मागणं हा अविश्वास का ठरतो?

आणि हे आपण काही आभाळातून आणत नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं आणि त्यानंतर 'लक्ष्मीमुक्ती'च्या मोहिमेत खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांनी आपली काही जमीन बायकोच्या नावावर केली. ग्रामीण भागात २००३ साली सरकारनं 'घर दोघांचं' म्हणून गावठाणातल्या घरांची नोंद पतिपत्नीच्या संयुक्त नावानं करायला सांगितलं. शहरात २०२१ पासून बाईच्या एकटीच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत ठेवली गेली. नवऱ्यांना ती लगेच कळली. बाईचं नाव पैसे वाचवतं तेव्हा कुणाचा विश्वास डळमळत नाही. मग ज्या घरात पैसे वाचणार नाहीत, तिथंही ते लागू द्या.

आपण काय करायचं?

आता बोलणं पुरे, कामाचं ठरवू. प्रत्येक मंडळानं आपल्या भागातल्या पुनर्विकासाला निघालेल्या दहा इमारती आणि एक वस्ती निवडावी. तिथं करार होण्याच्या आधी जावं, नंतर नाही. घरोघरी एकच प्रश्न विचारावा: या घराच्या कागदावर कुणाकुणाची नावं आहेत? बायकांनी स्वतः शेअर सर्टिफिकेट, भाडेपावती, वीजबिल हातात घेऊन वाचावं. पुष्कळींनी ते आजवर उघडून पाहिलेलं नसतं.

नवऱ्याला हिस्सा द्यायचा असेल तर बक्षीसपत्र करता येतं. पतिपत्नींमधल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे. मात्र घरावर कर्ज आहे का, सोसायटीची परवानगी लागते का, हे वकिलाकडून आधी बघून घ्यावं. भाड्याचा आणि कॉर्पसचा पैसा संयुक्त खात्यात जमा व्हावा, असा आग्रह धरावा. सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभांना सदस्यांच्या बायकांना किमान ऐकायला बसू द्यावं, असा ठराव मागावा. आराखडा दाखवतात त्या दिवशी बायकांची वेगळी बैठक घ्यावी. आणि सरकारकडं आपली एकच ठळक मागणी असावी: झोपडपट्टी पुनर्वसनात जोडीदाराच्या संयुक्त नावाचा जो नियम आहे, तो सोसायट्यांच्या आणि म्हाडा वसाहतींच्या पुनर्विकासातही आणा. नवा कायदा शोधायची गरज नाही. नियम लिहिलेला आहे, तो रस्ता ओलांडून इकडं आणायचा आहे.

मैत्रिणींनो, आपल्या आजीच्या नावावर काही नव्हतं. आईच्या नावावर फार तर रेशनकार्ड आणि पोस्टातलं खातं होतं. आपल्या डोळ्यांसमोर अख्खी उपनगरं पाडून नव्यानं लिहिली जात आहेत. पुढच्या सोमवारी आपापल्या सोसायटीच्या ऑफिसात जा, सदस्यांची यादी मागा आणि आपलं नाव शोधा. सापडलं तर ते कुठल्या नात्यानं आहे ते विचारा. नाही सापडलं तर दुसरीला सोबत घेऊन पुन्हा जा.